उत्तर देणारी गाडी

“मी तुमच्याबरोबर बसनं जाईन वहिनी,” काकू आत स्वयंपाकघरात माझ्या आईला सांगत होत्या. “देवास गेटवरून दर पंधरा मिनिटांनी इंदूरची बस सुटते. आणि बसचा ड्रायव्हर काही चार-चारदा खाली उतरून दारं ओढून बघत नाही. यांना राहू दे घरीच.”

खिडकी उघडी होती. खिडकीखाली गाडी उभी होती आणि गाडीत काका आणि मी बसलो होतो. काका ड्रायव्हरच्या जागेवर, मी त्यांच्या शेजारी, मांडीवर एक इंग्रजी पुस्तिका उघडून. काकूंचा शब्द न् शब्द आम्हा दोघांना ऐकू आला. काकांनी चष्मा वर सरकवला.

“हां, तर पायरी पहिली,” ते म्हणाले. “परत वाच.”

मी परत वाचली.

काका म्हणजे आमचे घरमालक. माधव नगरातल्या त्या घरात खाली ते आणि काकू राहायचे, वरच्या मजल्यावर आम्ही. वडील बँकेत होते, बदली होऊन आम्ही उज्जैनला आलो आणि त्या घरात नऊ वर्षं राहिलो. काका रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची सगळी नोकरी छोट्या छोट्या स्टेशनांवर गेली, जिथे दिवसाला चार गाड्या थांबतात आणि वीस न थांबता निघून जातात. घरी मराठी बोलायचे, रागावले की हिंदीत यायचे, आणि पोटभर दाल-बाफले झाले की माळवीत.

त्यांची एक सवय सांगितली की निम्मे काका सांगून होतात. त्यांना काहीही सांगितलं की ते तेच वाक्य परत म्हणायचे आणि “बरोबर?” असं विचारायचे. आणि त्यांनी कुणाला काही सांगितलं, तर समोरच्यानं ते परत म्हणून दाखवेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

काकू आतून म्हणायच्या, “भात लावतेय हो.”

“भात लावतेयस. बरोबर?”

“बरोबर.”

मग भात लागायचा. इतकी वर्षं असंच चाललेलं, त्यामुळे काकूंना त्यात काही वेगळं वाटत नसे. बाहेरच्यांना मात्र वाटायचं. दूधवाल्याला काका सांगायचे, “कल से आधा लीटर.” तो म्हणायचा, “हाँ बाबूजी.”

“हाँ नहीं. क्या सुना, वो बोल.”

“कल से आधा लीटर.”

“ठीक.”

एकदा तो वैतागला. “बाबूजी, आपको दूध चाहिए कि गवाही?”

काका हसले नाहीत. “दोनों,” म्हणाले.

नागपूरहून त्यांच्या लेकीचा फोन आला की सगळ्या गल्लीला तिचं बोलणं काकांच्या आवाजात ऐकायला मिळे. “पिंट्याला ताप आहे. बरोबर? शंभर. बरोबर? जावई दौऱ्यावर आहेत. बरोबर?” संध्याकाळी समोरच्या घरातल्या बाई काकूंना विचारायच्या, “नाती का बुख़ार उतरा?” काकूंना सांगावंही लागायचं नाही.

अशा माणसाच्या घरात माझ्यासारखी मुलगी राहायला यावी, हा माझ्या नशिबाचा भाग. मी सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे वर्गात हिंदी किंवा मराठी शब्द तोंडातून गेला की गळ्यात एक पाटी अडकवायचे, आणि दुसरं कोणी चुकेपर्यंत ती घालून हिंडायचं. दोनदा माझ्या गळ्यात पडली. त्यानंतर मी मान हलवायला शिकले. मान सगळ्या भाषांत हलते. शाळा संपली, कॉलेज संपलं, टावर चौकाजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले, तरी घरी-दारी माझं निम्मं बोलणं मानेवरच भागत होतं. वडील त्याला सुशीलपणा म्हणायचे.

काकांना मान चालत नसे.

“पाण्याची मोटर साडेसातला बंद कर, बेटा,” ते जिन्यावरून सांगायचे. मी मान हलवायची. ते तिथेच उभे.

“मान हलली,” ते म्हणायचे. “मान वाऱ्यानंही हलते. मी काय सांगितलं?”

“साडेसातला.”

“चालेल. तुझी सिंगल लाइन आहे. एका वेळी एकच शब्द सुटतो.”

मला त्यांचा राग यायचा असं नाही. त्रास व्हायचा. आणि सगळ्यात जास्त त्रास झेंडीचा. निवृत्तीनंतर त्यांनी गाडी घेतली. कॉलनीत तेव्हा वर्षाला दोन-तीन गाड्या येऊ लागल्या होत्या, त्यातली ही एक, पांढरी. त्या वयात ते गाडी शिकले आणि चांगली शिकले, पण फाटकातून मागे गाडी काढताना रस्त्यावर कोणीतरी हिरवी झेंडी घेऊन उभं राहायला हवं, हा त्यांचा नियम. झेंडी खरीखुरी, नोकरीतली, दांड्याला गुंडाळून ठेवलेली. काकूंनी दुसऱ्याच दिवशी ती कोपऱ्यात उभी केली आणि “माझ्याच्यानं हे होणार नाही,” म्हणून सांगितलं. मग ती माझ्याकडे आली. बावीस वर्षांची मी, क्लासला जायच्या कपड्यांत, गल्लीच्या मध्यभागी झेंडी धरून. स्कूटरवरून जाणारा एकजण एकदा ओरडला, “मैडम, मालगाड़ी है कि एक्सप्रेस?” मी जमिनीकडे बघत राहिले. काकांनी काचेतून डोकं काढून उत्तर दिलं, “पैसेंजर. रुक के चल.”

पण उभं आयुष्य रुळांवर काढलेल्या त्या माणसाला या गाडीनं एका बाबतीत पार हैराण केलं. ती उत्तर द्यायची नाही.

लॉक लावून काका दहा पावलं जायचे आणि थांबायचे. मग परत यायचे. पुढचं दार ओढून बघायचे, मागचं, डिकी, पलीकडचं मागचं, पलीकडचं पुढचं. नेहमी त्याच क्रमानं. मग निघायचे, पंधरा पावलांवर परत थांबायचे. समोरचे बँकेतले साहेब गॅलरीतून म्हणायचे, “बाबूजी, परिक्रमा हो गई हो तो परसाद बाँट दो.” काका हात वर करायचे आणि तिसरी फेरी घालायचे.

“अहो, लागलंय ना लॉक,” काकू म्हणायच्या.

“लावलंय हे मला माहीत आहे,” काका म्हणायचे. “लागलंय हे कोण सांगणार?”

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग इंदूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातला तो दिवस आला, आणि हसणं थांबलं.

काकूंना मोतीबिंदू होता. तपासायला दोघं गाडीनं इंदूरला गेले. डोळ्यांत औषध घालून काकूंना बाकावर बसवलं होतं, समोरचं सगळं धूसर. गाडी उभी केली होती बाहेर लांब, रस्त्याच्या कडेला. काका म्हणाले, “एकदा बघून येतो.” आले. परत म्हणाले, “एकदाच.” असं चारदा झालं. चौथ्यांदा ते बाहेर असताना काकूंचं नाव पुकारलं. त्या भिंत धरून उठल्या. नर्सनं विचारलं, “माताजी, साथ में कौन है?”

“कोई नहीं,” काकू म्हणाल्या.

काका तेव्हा दारात पोचले होते. त्यांनी ते ऐकलं. काकूंनी हे आईला सांगितलं, आईनं मला. घरी आल्यावर काकूंनी एवढंच सांगितलं की ऑपरेशनला त्या बसनं जातील, माझ्या आईबरोबर. “डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर मी यांना कुठे शोधत बसू?” आणि काकांनी, जन्मात पहिल्यांदा, ते वाक्य परत म्हटलं नाही.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी होतं. काका शनिवारी सकाळी गाडी घेऊन फ्रीगंजात एका दुकानात गेले आणि रिमोटवर चालणारं लॉक बसवून आले. कॉलनीत असं लॉक कोणाकडेच नव्हतं. बटण दाबलं की चारही दारांतून ‘खट्’ असा बारीक आवाज यायचा, पण तो गाडीला कान लावला तर. आणि पुढचे पिवळे दिवे एकदा मिचकायचे. काकांनी ते बघितलं, दहा पावलं गेले, थांबले, परत आले.

“दिवा बघायला मागे वळावं लागतं,” ते मला म्हणाले. “आणि मी एकदा मागे वळलो की गेलो. मला माझं माहीत आहे. उत्तर आपल्या मागून चालत आलं पाहिजे.”

उत्तर द्यायची सोय यंत्रात होती. लॉक लागलं की हॉर्न बारीक एकदा वाजेल, असं खोक्यावर चित्रच होतं. पण आवाज आधी चालू करून घ्यावा लागत होता, आणि तो कसा करायचा हे दुकानदाराला येत नव्हतं. “नया मॉडल है अंकलजी,” तो म्हणाला होता. “मेरे से तो हुआ नहीं. किताब रख लो, किसी इंग्लिश वाले से पढ़वा लेना.”

इंग्लिशवाली वरच्या मजल्यावर होती. म्हणून रविवारी संध्याकाळी मी गाडीत बसले.

त्या पुस्तिकेतलं इंग्रजी माझ्या शाळेतलं नव्हतं. तिथल्या सिस्टरांनी त्या पुस्तिकेच्याच गळ्यात पाटी अडकवली असती. पण तीनदा वाचल्यावर अर्थ लागला. पायऱ्या तीनच होत्या. चावी तीनदा चालू-बंद करून चालूवर ठेवायची. मग डॅशबोर्डखालचं छोटं काळं बटण एकदा दाबायचं. मग रिमोटचं लॉकचं बटण दाबायचं, की हॉर्न वाजणार. खाली जाड अक्षरांत एक ताकीद होती: प्रत्येक पायरी आधीच्या पायरीनंतर पाच सेकंदांच्या आत. ‘उशीर झाल्यास यंत्र आपोआप निघून जाते.’ कुठे जातं ते लिहिलं नव्हतं. सगळं पहिल्यापासून करायचं, एवढंच.

मी वाचलं, “चावी तीनदा चालू-बंद.”

“चावी तीनदा चालू-बंद. बरोबर?”

“हो.”

काकांनी चावी फिरवली. मोठ्यानं मोजत. “एक. दोन. तीन. चालूवर. झालं.” आणि माझ्याकडे बघितलं. “झालं.”

“झालं,” मी म्हटलं.

“पुढे.”

“काळं बटण.”

“डॅशबोर्डखालचं काळं बटण, एकदा. बरोबर?”

“हो.”

त्यांनी काळं बटण दाबलं. मग तसंच रिमोटचं. दिवे मिचकले. हॉर्न गप्प.

मी मनगटावरचं घड्याळ बघत होते. चावीपासून काळ्या बटणापर्यंत अकरा सेकंद लागले होते. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी, पहिल्याच वेळी, मला कळलं होतं काय चुकतंय ते. यंत्रात काही बिघाड नव्हता. काका ‘बरोबर?’ म्हणेपर्यंत ते निघून जात होतं.

आणि हे मी सांगितलं नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही, मंगळवारीही नाही. आता हे लिहिताना विचित्र वाटतं, पण तेव्हा वाटत नव्हतं. वडिलांहून मोठ्या माणसाला ‘गप्प बसा’ हे कोणत्या शब्दांत सांगायचं? क्लासला जाताना टेम्पोत मी वाक्यं जुळवायचे. ‘काका, मला वाटतं की जर आपण…’ इथपर्यंत वाक्य नीट जायचं आणि मग रूळ संपायचे. इंग्रजीत सोपं होतं, पण इंग्रजीत सांगणं म्हणजे आणखीनच उद्धटपणा.

सोमवारी मी दुसरा मार्ग काढला. रिमोट घ्यायला हात पुढे केला. मी केलं असतं तर चार सेकंदांत झालं असतं. काकांनी रिमोट छातीशी धरला. “चार्ज माझ्याकडे आहे, बेटा,” ते म्हणाले. “ज्याचा चार्ज त्यानंच करायचं. उद्या इंदूरला आवाज गेला तर तुला कुठे बोलवू?” तेही खरंच होतं. मी हात मागे घेतला.

त्याच संध्याकाळी, बॅटरीला जरा विसावा म्हणून गाडी बंद करून बसलो असताना, त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी विचारलं नव्हतं. मी कधीच काही विचारायची नाही, म्हणून बहुधा लोक मला सांगतात.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका स्टेशनावर ते एकटे होते. गाडी निघायच्या आधी त्यांनी फोनवरून पुढच्या फाटकावरच्या माणसाला सांगितलं, फाटक लाव. तो म्हणाला, “हाँ साब.” यांनी फोन ठेवला. फोनच्या तारेत खरखर होती, त्या माणसाला एक शब्द कळला नव्हता, आणि मोठ्या साहेबाला ‘परत सांगा’ कसं म्हणायचं म्हणून तो नुसता हो म्हणाला होता. फाटक उघडं राहिलं. रुळांवर एक बैलगाडी होती, गाडीत बायका-मुलं. इंजिनच्या ड्रायव्हरला लांबून दिसली, म्हणून वाचली.

“मी नंतर जाऊन पावलं मोजली,” काका म्हणाले. “इंजिन थांबलं तिथून बैलगाडी होती तिथपर्यंत. अठरा.” मग म्हणाले, “त्याची चूक नव्हती. माझ्या भीतीनं तो हो म्हणाला. मी त्याला परत म्हणायला लावायला हवं होतं.”

मी मान हलवली. त्या वेळी त्यांनी ती चालवून घेतली.

ही गोष्ट ऐकल्यावर तर माझं तोंड आणखीनच बंद झालं. ज्या माणसानं अठरा पावलांसाठी सगळं आयुष्य प्रत्येक वाक्य दोनदा म्हटलं, त्याला मी सांगणार, की एवढं एकदा म्हणू नका? आणि गंमत म्हणजे, मी स्वतः त्या फाटकावरच्या माणसासारखीच ‘हो, हो’ म्हणत बसले होते, हेही मला दिसत होतं. दिसलं म्हणून तोंड उघडतं असं नाही.

मंगळवारी मी चिठ्ठी लिहिली. सुवाच्य मराठीत तिन्ही पायऱ्या, आणि खाली ठळक: ‘पायऱ्यांच्या मध्ये बोलू नये. वेळ फक्त पाच सेकंद.’ चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि मनात म्हटलं, सुटले.

काकांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. शेवटची ओळ दोनदा वाचली. “मध्ये बोलू नये. बरोबर.” मग काचेतून डोकं बाहेर काढून त्यांनी काकूंना, माझ्या आईला आणि गॅलरीतल्या साहेबांना सांगितलं, “बीच में कोई बोलेगा नहीं. पाच सेकंदांचं काम आहे.” सगळे गप्प झाले. पलीकडच्या घरातला रेडिओसुद्धा कोणीतरी बंद केला. त्या शांततेत काकांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, “चावी तीनदा चालू-बंद. बरोबर?”

मी “हो” म्हटलं.

आता पुढचं आधी सांगून टाकते. गुरुवारी सकाळी आम्ही चौघं त्याच गाडीनं इंदूरला गेलो. काका, काकू, आई, आणि मी, कारण काकांना वाटत होतं की इंग्रजी जाणणारं कोणी बरोबर असलेलं बरं. दवाखान्याच्या बाहेर काकांनी गाडी लावली, उतरले, बटण दाबलं. हॉर्न एकदा बारीक वाजला, ‘पीं’, एखाद्या लहान मुलानं हाकेला ओ द्यावी तसा. काका चालायला लागले. दहा पावलांवर त्यांची चाल मंदावली. काकू पुढे गेल्या नाहीत, त्याही तिथे थांबल्या. मग काकांनी त्यांचा हात धरला आणि दोघं आत गेले. मागे वळले नाहीत. आत नर्सनं विचारलं, “साथ में कौन है?” काकू म्हणाल्या, “ये हैं, और कौन?” ऑपरेशन होईपर्यंत काका बाकावर बसून होते, काकूंचा चष्मा आणि काचेच्या बांगड्या हातरुमालात धरून. पाणी प्यायलासुद्धा उठले नाहीत. पट्टी बांधून काकूंना बाहेर आणलं, तेव्हा त्यांनी हात पुढे केला तो रिकामा परत आला नाही. मी खिडकीपाशी उभी होते. इतकं हलकं मला परीक्षेच्या निकालानंतरही कधी वाटलं नव्हतं.

पुढे आम्ही ते घर सोडेपर्यंत गल्लीत तो आवाज रोज ऐकू यायचा. सकाळी भाजी आणायला निघताना, संध्याकाळी परत आल्यावर. एकदाच. समोरचे साहेब म्हणायचे, “बाबूजी की गाड़ी ने हाजिरी लगा दी.” झेंडी मात्र सुटली नाही. ती मी लग्न होऊन जाईपर्यंत धरली, आणि शेवटी शेवटी तर स्कूटरवाल्यांकडे मान वर करून बघायलाही लागले. काका जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. काकू गेल्या वर्षी फोनवर सांगत होत्या, घर फार शांत झालंय, भात लावतेय म्हटलं की काही ऐकूच येत नाही.

पण हे सगळं गुरुवारपासूनचं. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला असं काही होईल हे कोणालाही खरं वाटलं नसतं.

बुधवारी काकूंची पिशवी भरून दारात ठेवली होती. सकाळी सातची बस ठरली होती. माझे वडील खाली आले होते आणि बॅटरी डाऊन असेल असं सुचवून गेले होते. ऊन उतरलं होतं, गाडी आतून अजून तापलेली. आम्ही सातव्यांदा तिन्ही पायऱ्या केल्या. काकांनी सातव्यांदा सगळं नीट परत म्हटलं, मी सातव्यांदा “हो” म्हटलं, दिवे मिचकले आणि हॉर्न गप्प राहिला.

काकांनी रिमोट डॅशबोर्डवर ठेवला. अगदी हलकेच, फुटेल की काय अशा भीतीनं.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “बसनंच जाऊ दे तिला.”

आणि पुढे काही नाही. परत म्हटलं नाही, मला म्हणायला लावलं नाही, ‘बरोबर?’ विचारलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत बसले. खिडकीत काकू उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि त्या आत गेल्या.

माझे कान गरम झाले. पाटी गळ्यात पडायच्या आधी व्हायचे तसे. टेम्पोत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मी डॅशबोर्डवरचा रिमोट उचलला, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली. त्यांनी चकित होऊन माझ्याकडे बघितलं, आणि सवयीनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

“काका,” मी म्हटलं, आणि माझा आवाज खिडकीच्या पार आत गेला, “आता तुम्ही बोलायचं नाही. ‘बरोबर’ नाही, ‘झालं’ नाही, काहीच नाही. तुम्ही बोलता तेवढ्यात ते पाच सेकंद निघून जातात, आणि हे मला रविवारपासून माहीत आहे. मी सांगते, तुम्ही फक्त हात चालवा. चावी.”